पासंग

चार चाकांखाली चार काटे.
निळी दोन-सीटर सावकाश ढकलत आणायची,
स्टिअरिंग सरळ, ब्रेक सोडलेला,
आणि चालक आत, हेल्मेटसकट, घामासकट.
शर्यत संपली तशी.

एकवीस वर्षं मी या शेडमध्ये उभी आहे.
विस्कॉन्सिनचा ऑक्टोबर, बाहेर मक्याची धसकटं,
वारा पत्रा धरून हलवतो
तेव्हा काटे अर्धा पौंड इकडेतिकडे होतात.
तेवढं मी सोडते.
त्याहून जास्त कुणालाच नाही.
सख्ख्या भावालाही नाही; तो अजून
ख्रिसमसला माझ्याशी फक्त हवामानावर बोलतो.

आमच्या वर्गाचा पहिला नियम एका ओळीचा:
'करा' असं लिहिलेलं नसेल, तर करायचं नाही.
स्प्रिंग बदला, पण बसली पाहिजे मूळच्याच वाटीत.
पुढचा अँटी-रोल बार हवा तेवढा जाड,
मागचा कंपनीने दिला तोच.
कॅम्बर, म्हणजे चाकाचं डोकं आत झुकवणं,
मिळेल तेवढं घ्या, पण भोक कानशीने वाढवून नव्हे.
लोक या ओळींच्या फटीत नखं घालून
अख्खा हिवाळा बसतात.
बसू देत. पाप मापात असलं तर बघू.

ऑर्वल टेस्डाल फटी शोधणाऱ्यातला नाही.
तो गाडीच्या दोन्ही अंगांना
मासेमारीची दोरी ताणतो,
चाकाच्या कडेपर्यंत पट्टीने मोजतो,
एक बत्तिसांश इंच आत की बाहेर,
आणि स्वतःच्या जागी सीटवर ठेवतो
मिठाच्या पाच गोण्या, चाळीस पौंडी,
वर एक पाना. असा तो भरायचा.
मग एक कर्ण दुसऱ्या कर्णाला भिडेपर्यंत
स्प्रिंगखालची चकती पाव फेरा वर, पाव खाली.
त्या गोण्या गॅरेजमध्ये कधीच्या आहेत.
त्यांचं वजन घटत नाही.

सकाळीच म्हणाला होता,
गाडी एका वळणाला ऐकते, दुसऱ्याला नाही,
डावी पुढची स्प्रिंग दमली असेल.
तरी तिसरा आला.

आता काट्यावर:
सत्तावीस पौंड कमी.

किप, त्याचा जावई, सीटखाली वाकून बघू लागला,
काही सुटून पडलं का.
चौथ्या नंबरचा पोरगा दाराशी उगाच
बुटाची नाडी बांधत राहिला.
मी गाडी मागे घ्यायला लावली, काटे शून्यावर आणले,
पुन्हा चढवली.
सत्तावीस.
मागच्या मोसमात ही गाडी चौदा जास्त भरली होती,
माझ्याच अक्षरात आहे वहीत.
बेरीज करायला बोटंही लागत नाहीत.
एक गोणी. आणि वर एक पाना.

ऑर्वलने हेल्मेट काढलं नाही.
आतून म्हणाला,
"इस्पितळातला काटा खोटा आहे
असं मी घरी सांगत होतो."

"माझे मार्चमध्ये तपासून आणलेत," मी म्हणाले.
दुसरं काही म्हणता आलं असतं.
ते घरी जाताना सुचलं,
हायवेला लागेपर्यंत.

अपात्र, असं मी लिहिलं.
त्याने सही केली, ग्लोव्ह न काढता, वाकडी.
किपने सही पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं,
आणि सीटखाली शोधायचं थांबवलं.

"पासंग चालतो," मी म्हणाले, "शिसं किंवा पोलाद.
शेजारच्या सीटच्या पायाशी, जमिनीला पक्कं."
हे त्याला माहीत होतं.
नियमाचं ते पान त्यानेच सुचवलं होतं,
मी नवी असताना.
"अर्धा इंची बोल्ट?" त्याने विचारलं.
"दोन. आणि वॉशर मोठे घ्या."
"चाळीसचा तुकडा लावू, की पन्नासचा?"

वारा आला. काटे हलले.
ते थांबेपर्यंत आम्ही दोघांनीही
त्यांच्याकडेच बघितलं.

"पन्नासचा," मी म्हणाले.